हँग नव्हे, खोळंबा

आमच्या ऑफिसात मागच्या महिन्यात एक दीड पानी टिपण फिरलं. लिहिणारे माझे ज्येष्ठ सहकारी, मूळचे इचलकरंजीचे. मी त्यांना दादा म्हणतो. बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीतल्या आमच्या काचेच्या इमारतीत ज्यांच्याशी मराठीत भांडता येतं असे ते एकटेच, त्यामुळे आमची भांडणं दोघांनाही जपून वापरावी लागतात. टिपणात माझं नाव नव्हतं, पण विषय मीच होतो. ईमॅक्स या एडिटरमध्ये जीडीबी हा डीबगर लावून मी काम करतो, आणि ते काम आठवड्यातून दोन-तीनदा हँग होत होतं, हे सगळ्या मजल्याने पाहिलं होतं. दादांनी त्यावरून तीन गोष्टी ठरवून टाकल्या. हँग झालं की मारायचं आणि पुन्हा सुरू करायचं, तपास करत बसायचं नाही. चाळीस वर्षं जुना एडिटर वापरायचाच नाही. आणि तिसरी, खास दादांची: डीबगरच मुळात कशाला हवा, चार ठिकाणी प्रिंट टाका, चूक सापडते.

टिपण नेटकं होतं, विनोदही होता. नव्या मुलांनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलाशी आल्यावर गालातल्या गालात हसू लागले. म्हणून हे उत्तर.

आधी त्या शब्दाचं बघू. ‘हँग झालं’ हे आपण इतकं सहज म्हणतो की ते मशीनचं वर्णन आहे असं वाटायला लागतं. ते मशीनचं वर्णन नाही, स्क्रीनसमोर बसलेल्याच्या मनःस्थितीचं आहे. मी कळ दाबली, काही हललं नाही, म्हणून हँग. मशीनच्या बाजूने पाहिलं तर या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या घटना येतात: कोणीतरी अखंड राबतंय, कोणीतरी कोणाची तरी वाट पाहतंय, दोघं एकमेकांची वाट पाहतायत, किंवा कोणीतरी मुद्दाम थांबवून ठेवलेलं आहे. मराठीत यातल्या मधल्या दोन गोष्टींना फार नेमका शब्द आहे: खोळंबा. पंगत वाढून झाली, पण यजमान आलेले नाहीत म्हणून कोणी जेवायला सुरुवात करत नाही, तेव्हा आपण पंगत बिघडली म्हणत नाही. पंगत खोळंबली म्हणतो, आणि लगेच विचारतो, कोणासाठी?

हा प्रश्न दादांच्या टिपणात कुठेच नाही.

आमच्या कँटीनच्या खिडकीतून विमानतळ दिसतो. २४ मे २००८ला तो सुरू झाला, तोवर देवनहळ्ळी हे टिपूचं जन्मगाव, एक किल्ला आणि पपनसांच्या बागा एवढंच होतं. त्या खिडकीतून रोज दिसतं की धावपट्टीच्या तोंडाशी विमान उभं आहे. दहा मिनिटं, कधी वीस. आतले प्रवासी नक्कीच म्हणत असतील, अडकलं. पण वैमानिकाला कोणी इंजिन बंद करून पुन्हा चालू करायला सांगत नाही. पुढचं विमान उतरतंय, टॉवरचा होकार यायचाय, एवढीच गोष्ट असते. दादा रोज दुपारी माझ्यासोबत तिथेच बसून दहीभात खातात.

आता प्रत्यक्ष माझ्या मशीनवर काय घडत होतं ते सांगतो, कारण पूर्ण वाद त्या तपशिलात आहे.

एडिटरमध्ये डीबगर चालवताना तीन वेगळे प्रोग्रॅम जिवंत असतात. एक एडिटर, दुसरा जीडीबी, तिसरा ज्याची चूक शोधायची तो आपला प्रोग्रॅम. स्क्रीनवर सगळं एकच दिसतं, कारण एडिटर हाच सगळ्यांचा चेहरा असतो. पण ईमॅक्स आणि जीडीबी आपसात एका ठरावीक यंत्रभाषेत निरोप पाठवतात, आणि जीडीबी लिनक्सच्या कर्नेलमार्फत आपल्या प्रोग्रॅमला हाताळतो. हे थर इथल्या पपनसासारखे. देवनहळ्ळीच्या पपनसाला भौगोलिक मानांकन आहे. इथे त्याला चकोता म्हणतात. साल अंगठाभर जाड, त्याखाली पांढरा कापूस, मग पाकळीवरची सालपटं, आणि मग कुठे गर. सालीवर डाग दिसला म्हणून फळ फेकणारा माणूस बागेत टिकणार नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘पीएस’ चालवून तिघांच्या अवस्था पाहायच्या. प्रत्येकासमोर एक अक्षर येतं. ‘आर’ म्हणजे राबतोय. ‘एस’ म्हणजे झोपलाय, कोणी उठवायची वाट पाहतोय. धाकटं ‘टी’ आलं तर डीबगरने धरून ठेवलाय, म्हणजे थांबणं हाच त्याचा त्या वेळचा धर्म. माझ्याकडे ईमॅक्स ‘एस’, जीडीबी ‘एस’, आणि माझा प्रोग्रॅम धाकटं ‘टी’. कोणीही राबत नव्हतं. सीपीयू शून्य टक्के. दादांच्या टिपणातलं ‘जुना एडिटर जड झालाय’ हे वाक्य इथेच गळून पडतं. जड झालेला माणूस घामाघूम दिसतो, हे दोघं तर निवांत झोपलेले.

मग जीडीबीला ‘एसट्रेस’ लावला. हे अवजार एखादा प्रोग्रॅम कर्नेलकडे काय मागतोय ते ओळीओळीने दाखवतं. जीडीबी एका नेटवर्क जोडणीवर वाट पाहत होता. ‘एसएस’ चालवून त्या जोडणीची अवस्था पाहिली: सिन-सेंट. म्हणजे पलीकडच्या सर्व्हरला नमस्कार करून झालाय, प्रतिनमस्कार आलेला नाही. नकारही नाही. नुसती शांतता.

जीडीबीला नेटवर्कशी काय काम, असा प्रश्न पडला असेल तर तो रास्त आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये आलेल्या १०.१ या आवृत्तीपासून जीडीबीला एक सोय आहे: आपल्याकडे नसलेली डीबगची माहिती तो डीबगइन्फोडी नावाच्या सर्व्हरांकडून स्वतः मागवू शकतो. सोय उत्तम आहे. आपला प्रोग्रॅम ज्या लायब्रऱ्या वापरतो त्यांच्या आतलं सुद्धा ओळीनिशी दिसतं. पण सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर किती थांबायचं? मुदत बदलली नसेल तर ९० सेकंद. आणि हे एका लायब्ररीसाठी. माझ्या प्रोग्रॅमला अशा एकोणीस लायब्रऱ्या लागतात. गुणाकार करा.

घरी येलहंक्याला हाच लॅपटॉप, हाच प्रोग्रॅम सुरळीत चालायचा, कारण घरच्या वायफायवर सर्व्हर उत्तर देत होता. एकदा उतरवलेली माहिती जवळ साठवून ठेवली जाते, म्हणून ऑफिसातही बहुतेक दिवस काही अडत नसे. लायब्रऱ्या अद्ययावत झाल्या की मात्र साठवलेलं जुनं ठरायचं, जीडीबी पुन्हा विचारायला निघायचा आणि ऑफिसची फायरवॉल ती विचारणा गुपचूप गिळून टाकायची. त्यामुळे ‘कधी होतं, कधी नाही’. दादांच्या टिपणात या अनियमितपणाचा उल्लेख आहे, एडिटरच्या लहरीपणाचा पुरावा म्हणून.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. दादांनी माझ्यादेखत साध्या टर्मिनलमध्ये जीडीबी चालवून दाखवला होता. तिथे तो झटक्यात सुरू झाला. ‘बघ, टर्मिनलमध्ये चालतं, ईमॅक्समध्ये नाही. दोष कोणाचा?’ बिनतोड युक्तिवाद वाटतो ना? मलाही दोन दिवस वाटला. पण टर्मिनलमध्ये जीडीबी सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो, सर्व्हरवरून माहिती आणू का, हो की नाही, आणि नुसतं एंटर दाबलं तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतो. दादांचा अंगठा कोणत्याही प्रश्नावर आपोआप एंटरवर पडतो. ईमॅक्समध्येही हा प्रश्न येतो, २०२३च्या २९व्या आवृत्तीपासून त्यासाठी खास सेटिंग आहे, पण मी कधीकाळी घरी बसून त्या सेटिंगला कायमचं ‘हो’ सांगून ठेवलं होतं आणि विसरलो होतो. म्हणजे आम्ही दोघांनी एकाच अवजाराला उलटी उत्तरं दिली होती आणि फरक एडिटरचा म्हणून मोजला होता. चूक माझी होती. ईमॅक्सची नव्हती. दादा एंटर दाबून सुटले, यात दादांची हुशारी नव्हती.

आता पहिल्या सल्ल्याकडे येतो: मारा आणि पुन्हा सुरू करा.

या सल्ल्याची लोकप्रियता मला समजते. टीव्ही, राउटर, लिफ्ट, सगळ्यांवर तो चालतो. पण टीव्ही बंद करताना आपण काही हरवत नाही. डीबगर हा एकच प्रोग्रॅम असा आहे की त्याच्या हातात कोणाची तरी नाडी असते. ईमॅक्स मारलं की त्याच्या पोटातला जीडीबी जातो, आणि जीडीबीने सुरू केलेला प्रोग्रॅम त्याच्याबरोबर जातो. जी चूक पुन्हा घडवून आणायला चाळीस मिनिटं लागली, ती मेमरीसकट नाहीशी. पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढल्यासारखं. वर दादा म्हणतात, वेळ वाचला.

मारण्याआधी करण्यासारखं बरंच असतं आणि ते दोन मिनिटांत होतं. ईमॅक्स खरोखर अडकलं असेल तर कंट्रोल-जी. तेही ऐकत नसेल तर बाहेरून त्याला ‘यूएसआर-टू’ हा सिग्नल पाठवायचा. ईमॅक्स हातातलं काम सोडून स्वतःचा लिस्प डीबगर उघडतं आणि नेमकं कुठे उभं होतं ते ओळींनी सांगतं. त्यालाही दाद नाही, तर दुसरा जीडीबी काढून तो सरळ ईमॅक्सलाच लावायचा. ईमॅक्सच्या सोर्ससोबत येणाऱ्या जीडीबीच्या फाइलीत ‘एक्सबॅकट्रेस’ नावाचा आदेश आहे, तो सी-भाषेच्या पसाऱ्यातून लिस्पची साखळी उलगडून दाखवतो. उबुंटूवर हे करताना परवानगी नाकारली गेली तर गोंधळायचं नाही. आपण जन्माला न घातलेल्या प्रोग्रॅमला डीबगर लावायला तिथे २०१०पासून मनाई असते, सुडो लागतो. आणि ज्या प्रोग्रॅमला आधीच एक जीडीबी लागलाय त्याला दुसरा लागत नाही, एका वेळी एकच, ही कर्नेलची अट. त्याची प्रत हवी असेल तर पहिल्या जीडीबीलाच कोअर फाइल काढायला सांगावं लागतं.

यूएसआर-टूने माझ्याकडे काय दाखवलं? मी ‘प्रिंट’चा ‘पी’ आणि चलाच्या नावाची तीन अक्षरं टाइप केली होती. माझं शब्दपूर्ती करणारं पॅकेज अर्ध्या सेकंदाने आपणहून जागं झालं, त्याने जीडीबीला विचारलं की या तीन अक्षरांनी काय काय सुरू होतं, आणि उत्तर येईपर्यंत ईमॅक्सला धरून ठेवलं. जीडीबी सर्व्हरची वाट पाहतोय, ईमॅक्स जीडीबीची, मी ईमॅक्सची, आणि माझी वाट पाहत बैठकीच्या खोलीत पाचजण. खोळंब्याची अशी सरळ रांग लागली की तिचं दुसरं टोक शोधायचं, एवढंच काम उरतं. मी काय बदललं? डीबगरच्या बफरमध्ये आपोआप शब्दपूर्ती बंद केली आणि ते ‘हो’ काढून ‘विचार’ केलं. दोन ओळी.

रांग सरळ नसते तेव्हा खरी गंमत. एक नमुना सांगतो, तो मला फार पूर्वी पुण्यात भेटला होता. खिडक्या-मेनू असलेला एक प्रोग्रॅम मी ईमॅक्समधून डीबग करत होतो. त्या प्रोग्रॅममध्ये एक शब्द कॉपी केला, तो ब्रेकपॉइंटवर थांबला, आणि मी ईमॅक्समध्ये येऊन पेस्ट केलं. सगळं ठप्प. एक्स विंडो पद्धतीत कॉपी केलेला मजकूर कुठल्या मध्यवर्ती कोठारात जात नाही. ज्याने कॉपी केला त्याच्याकडेच तो राहतो, आणि पेस्ट करणाऱ्याने त्याच्याकडे मागायचा असतो. ईमॅक्सने मागितला. देणारा ब्रेकपॉइंटवर उभा. त्याला पुढे जाऊ द्या म्हणून सांगायला हवं जीडीबीला, आणि जीडीबीशी बोलायची खिडकी ईमॅक्समध्ये. आधी तू, नाही आधी तू. तिथे मी तेव्हा दादांचा सल्लाच पाळला होता, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा पुन्हा तिथेच येऊन पेस्ट केलं होतं. कारण कळलं नाही तर माणूस त्याच खड्ड्यात त्याच पायाने पडतो.

दुसरा मुद्दा, जुन्या एडिटरचा. इथे मी दादांना अर्धा रुपया देतो, आणि खोटा नाही.

ईमॅक्सचं मूळ रूप १९७६चं, आज आपण वापरतो ते ग्नू ईमॅक्स १९८५चं, जीडीबी १९८६चा. दोन्हींची सुरुवात रिचर्ड स्टॉलमन यांच्या हातची. त्या काळाच्या खुणा आत आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे ईमॅक्सची लिस्प एका वेळी एकच काम करते. २०१८च्या २६व्या आवृत्तीत थ्रेड आले, पण तेही आपखुशीने जागा सोडणारे, बळजबरीने पुढे सरकवणारे नव्हेत. म्हणून एखाद्या फंक्शनने जीडीबीच्या उत्तराची वाट पाहायची ठरवली की कर्सरसुद्धा थिजतो. प्रोग्रॅम भरमसाठ मजकूर ओकतो तेव्हाही तेच: ईमॅक्स एका घोटात जास्तीत जास्त ४०९६ बाइट वाचायचं. २०२०मध्ये हा घोट वाढवायची सोय आली आणि ३०व्या आवृत्तीपासून तो मुळातच ६५५३६ केलाय. इतका साधा आकडा बदलायला इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ते शोभणारंही नाही.

दादा सुचवतात तो नवा एडिटर या बाबतीत खरंच चांगला आहे. डीबगर खोळंबला तरी त्याच्या खिडक्या हलतात, मेनू उघडतात, लाल चौकोन दाबता येतो. मान्य. पण सी आणि सी-प्लस-प्लससाठी त्या चकचकीत चेहऱ्यामागे कोण आहे? तोच जीडीबी, त्याच यंत्रभाषेत बोलणारा. २०२३च्या अखेरीस आलेल्या १४व्या आवृत्तीपासून तो नव्या एडिटरांची बोली स्वतःच बोलायला लागलाय, म्हणजे मध्यस्थही गेला. एडिटर बदलून माझा खोळंबा गेला नसता, फक्त त्याचा चेहरा हसरा झाला असता. वर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे पळत राहिली असती आणि मी आणखी दोन दिवस ती पाहत बसलो असतो. थिजलेला कर्सर निदान खरं बोलतो.

वयाबद्दल एकच. आमच्या तालुक्यात नल्लूरला चिंचेचं एक जुनं बन आहे, २००७मध्ये ते देशातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ ठरलं. दादांनी गेल्या वर्षी आम्हा सगळ्यांना हौसेने तिथे नेलं होतं आणि एका पोखरलेल्या बुंध्यापुढे दहा मिनिटं बोलले होते. टिपण लिहिताना ते झाड त्यांना आठवलं नाही, इतकंच.

राहिला तिसरा मुद्दा, आणि खरा वाद त्याच्यावर आहे. डीबगरच नको, प्रिंट पुरे.

यासाठी दादा लिनक्सच्या जनकाची, लिनस टोरवाल्ड्सची साक्ष काढतात. साक्ष खरी आहे. सप्टेंबर २०००मध्ये टोरवाल्ड्सने लिहिलं होतं की त्याला डीबगर आवडत नाहीत, आणि कर्नेलमध्ये डीबगर घालायला त्याचा विरोध होता. पण त्याच लिखाणात पुढे तो म्हणतो की जीडीबी मी सतत वापरतो, पण डीबगर म्हणून नव्हे, तर यंत्रसंकेत उलगडून पाहायचं साधन म्हणून. अर्धी साक्ष वाचायची आणि उरलेली गिळायची, हे फायरवॉलने केलं तर समजू शकतं.

आणि त्या गोष्टीचा पुढचा अंक पुण्यात घडला, जो दादांना माहीत असायला हवा होता. टोरवाल्ड्सचा नकार असताना लिनक्स कर्नेलला जीडीबी जोडणारे केजीडीबीचे पॅच कोणीतरी बाहेर राहून सांभाळत होतं. अमित काळे आणि पुण्यातली त्यांची लिनसिससॉफ्ट ही कंपनी यांनी ते वर्षानुवर्षं केलं. कर्नेलची प्रत्येक नवी आवृत्ती आली की पॅच पुन्हा बसवायचे, तुटलेलं जोडायचं. मुख्य दारातून प्रवेश नाही हे ठाऊक असताना केलेलं काम. शेवटी जुलै २००८मधल्या २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी मुख्य कर्नेलमध्ये गेलं, ते जेसन वेसेल यांच्या हातून, बरंच नव्याने लिहून. पण कर्नेलसोबतच्या केजीडीबीच्या दस्तऐवजात श्रेय दिलेल्यांत पहिलं नाव काळ्यांचं आहे. देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला त्यानंतर दीडेक महिन्यांनी ती आवृत्ती आली. कालगणनेत याला काही अर्थ नाही, मला मात्र दोन्ही एकत्र आठवतात.

केजीडीबी वापरलेल्याला ‘हँग’ या शब्दाची भीती उरत नाही. दोन मशीन, मधे सिरियल केबल. या मशीनवर जीडीबी, त्या मशीनवर कर्नेल. ब्रेकपॉइंट लागला की पलीकडचं मशीन आख्खं थांबतं. घड्याळ, कीबोर्ड, नेटवर्क, सगळं. त्याच्यासमोर बसलेला माणूस छातीवर हात ठेवून सांगेल की हे मेलं. मेलेलं नसतं. या बाजूला बसलेला माणूस शांतपणे एकेक चल तपासत असतो. तिथे थिजणं हा बिघाड नाही, तिथे तेच काम आहे.

प्रिंटबद्दल आता सरळ हिशेब. आमचं काम छोट्या बोर्डांवर चालतं, विमानांसाठी लागणाऱ्या सामानाशी संबंधित, त्याहून जास्त सांगता येत नाही. बोर्डावरून प्रिंट येतो तो सिरियल तारेने, ११५२०० बॉड. एका अक्षराला दहा बिट, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. ऐंशी अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला जवळपास सात मिलिसेकंद. आमचं नियंत्रणाचं चक्र एक मिलिसेकंदाचं. प्रिंटने ओळ बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली तर सात चक्रं बुडतात, आणि वेळेशी संबंधित चूक असेल तर ती लाजून लपते. प्रिंट काढला की पुन्हा हजर. दादांनी याच बोर्डावर प्रिंट टाकून चूक ‘सुटल्याचं’ दोनदा जाहीर केलंय. शिवाय लॅपटॉपवर प्रोग्रॅमचा मजकूर टर्मिनलऐवजी पाइपमधून जात असेल तर तो साठून मग बाहेर पडतो, आणि प्रोग्रॅम कोसळला तर शेवटच्या ओळी, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रिंट टाकले त्याच, आतल्या आत मरतात.

अर्थात बोर्डावर डीबगरही निरागस नाही, आणि दादांना माझ्याविरुद्ध खरा दारूगोळा इथे मिळाला असता. बोर्डावर वॉचडॉग असतो: प्रोग्रॅमने ठरावीक वेळात त्याला थोपटलं नाही तर तो बोर्ड रीसेट करतो. ब्रेकपॉइंटवर थांबलेला प्रोग्रॅम थोपटणार कसा? वॉचडॉग बोर्ड उलथवतो, जीडीबीच्या पायाखालची जमीन जाते, आणि एडिटरमध्ये दिसतं काय, तर हँग. बऱ्याच चिपमध्ये डीबगरने थांबवलं असताना वॉचडॉगलाही थांबव असं सांगणारा एक बिट असतो. तो लावायचा. त्याहून छुपी गोष्ट म्हणजे पाहण्याची किंमत. डीबगरच्या अनेक खिडक्या उघड्या ठेवल्या की प्रत्येक थांब्यावर स्थानिक चलं, रजिस्टर, मेमरी, सगळं नव्याने मागवलं जातं, आणि तार हळू असेल तर प्रत्येक पायरीला सेकंद-दोन सेकंद. ते परवडलं. पण सिरियल पोर्टच्या डेटा रजिस्टरवर मेमरीची खिडकी ठेवली, तर नुसतं वाचल्याने तिथला आलेला बाइट खर्च होतो. प्रोग्रॅमला तो मिळत नाही, तो त्याची वाट पाहत बसतो, आणि आपण म्हणतो, मी तर फक्त बघत होतो. मी एक पूर्ण मंगळवार असा घालवलाय. हे दादांना मी स्वतः सांगतोय, टिपणाची दुसरी आवृत्ती काढली तर उपयोगी पडेल.

टिपण अजून फळ्यावर आहे. खाली कोणीतरी पेन्सिलीने ‘सिन-सेंट?’ असं लिहून ठेवलंय, अक्षर माझं नाही. आणि माझ्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट उरते, ती लपवत नाही. मागच्या गुरुवारी संध्याकाळी ईमॅक्स पुन्हा थिजलं. नेटवर्क नव्हतं, शब्दपूर्ती नव्हती, ‘पीएस’मध्ये ‘आर’ दिसत होतं, एक कोअर शंभर टक्के. कंट्रोल-जी ऐकलं नाही. यूएसआर-टू पाठवायला हात गेला, तेवढ्यात कॅब गेटवर आल्याचा मेसेज आला. पुढची कॅब पाऊण तासाने होती आणि हेब्बाळच्या पुलावर त्या वेळी काय असतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मी ते मारलं आणि पळालो. दादा कॅबमध्ये आधीच बसले होते. तेव्हापासून ते पुन्हा घडलेलं नाही, आणि ते काय होतं हे आता मला कधी कळेल असं वाटत नाही.